कॅमेरा हलतोय की गाडी? गाडीतल्या शूटिंगवर वाचकांची पत्रं

मागच्या वेळी बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो होतो, की शर्यतीचं गाडीतलं फुटेज बिघडतं ते कॅमेऱ्यामुळे कमी आणि माउंटमुळे, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्या पकडीमुळे, जास्त. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आलाय. त्यातल्या निम्म्या जणांनी ते वाचूनसुद्धा शेवटी "ते सगळं ठीक आहे काका, पण कॅमेरा कुठला घेऊ?" असंच विचारलंय, म्हणजे माझं लिहिणं लोक किती मनावर घेतात ते कळलं. असो. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रांना कात्री लावलीय, राग मानू नका.

प्रश्न: काका नमस्कार. मी यंदाच ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानात एकेकट्याने घड्याळाविरुद्ध गाडी पळवणं) आणि ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी सरावाला नेणं) करायला लागलोय. भावाचा चार-पाच वर्षं जुना गोप्रो घरात पडून आहे, फोन बरा आहे आणि गाडीत डॅशकॅम तर आहेच. यातलं काही चालेल की सरळ नवीन घेऊ?

उत्तर: भावाचा गोप्रो घे. विचारून घे पण. त्यात १०८० ला सेकंदाला ६० फ्रेम्स असणारच आणि शिकायला तेवढं पुष्कळ झालं, ब्रेक १० मीटर आधी मारलास की नंतर हे बघायला ४के लागत नाही. पुढेमागे नवीन घ्यायचाच झाला तर गोप्रो, डीजेआय, इन्स्टा३६० यातला कुठलाही चालेल, चित्राच्या क्वालिटीवरनं भांडत बसावं इतका फरक गाडीच्या आत दिसत नाही. त्यापेक्षा हे बघ, की स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करणारी सोय) पूर्ण बंद होतं का, शटर आणि एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) हाताने लॉक करता येतं का, बाहेरचा माइक लागतो का, आणि पॉवर बँकेला जोडलेला असताना रेकॉर्डिंग चालू राहतं का. आणि अजून एक, जे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये कोणी सांगत नाही: रेकॉर्डिंगचा लाल दिवा बेल्ट बांधून सीटवर बसल्या बसल्या दिसतो का. मी एका इव्हेंटला दिवसभर उलटं बटण दाबत होतो, चालू करतोय असं वाटायचं आणि व्हायचा बंद, त्यामुळे संध्याकाळी घरी येऊन बघतो तर एकही लॅप नाही पण पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या आवारात) टायर बदलतानाचं आणि माझ्या स्वतःच्या बडबडीचं तीन तासांचं फुटेज अगदी सुरेख आलेलं.

फोन मात्र नको. २०२१ मध्ये खुद्द अ‍ॅपलनेच सांगितलं होतं की मोठ्या मोटरसायकल इंजिनाच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातलं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं. अशा कॅमेऱ्यात लेन्स बारीकशा यंत्रणेवर तरंगती असते, तिला तासन्‌तास हादरे देणं बरं नाही, आणि शर्यतीची गाडी मोटरसायकलपेक्षा काही गुळगुळीत चालत नाही. डॅशकॅम नसल्यापेक्षा बरा, पण तो फक्त बाहेरचं बघतो, तुझे हात त्यात दिसत नाहीत, आणि लूपमध्ये जुन्यावर नवीन लिहितो म्हणजे कार्ड लहान असेल तर सकाळचा बेस्ट लॅप संध्याकाळपर्यंत पुसलेला.

प्रश्न: ३६० डिग्रीचा कॅमेरा घेतला तर अँगलची कटकटच मिटेल ना?

उत्तर: अँगलची मिटेल, एडिटिंगची सुरू होईल. शिवाय गणित बघा, ५.७के म्हणजे आडवे साधारण ५७६० पिक्सेल, ते पूर्ण ३६० अंशांत वाटले जातात. तुम्ही त्यातला ९० अंशांचा तुकडा कापला की हातात उरले १४४० पिक्सेल, म्हणजे फुल एचडीपेक्षाही कमी. दोन लेन्सच्या जोडावर शिवण पडते आणि गाडीत सगळंच जवळ असल्यामुळे ती शिवण नेमकी ड्रायव्हरच्या खांद्यावरनं किंवा रोल केजच्या (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याच्या) पाइपवरनं जाते आणि पाइप मध्येच तुटल्यासारखा दिसतो. हौस म्हणून दुसरा कॅमेरा असा ठेवायला हरकत नाही, एकच घेणार असाल तर साधा घ्या.

प्रश्न: मी कॅमेरा पुढच्या काचेवर लावते, रस्ता छान दिसतो पण व्हिडिओ बघून माझं नक्की काय चुकलं ते कळतच नाही. कोच म्हणतात अँगल बदल. कुठे लावू?

उत्तर: कोच बरोबर म्हणताहेत ताई. काचेवरनं फक्त परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. गाडी बाहेर गेली हे दिसतं, पण त्याच्या आधी तुम्ही स्टिअरिंग जास्त फिरवलं की दोनदा फिरवलं की गिअर बदलताना एका हाताने धरून ठेवलं होतं, हे काही दिसत नाही.

शिकायचं असेल तर कॅमेरा मागे न्या. दोन्ही सीटच्या मधोमध, तुमच्या खांद्याच्या उंचीवर किंवा किंचित वर, लेन्स पुढच्या काचेकडे. फ्रेममध्ये तीन गोष्टी एकाच वेळी आल्या पाहिजेत: स्टिअरिंगवरचे दोन्ही हात, टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) आणि काचेतनं पुढचा रस्ता. गिअरचा दांडाही आला तर सोन्याहून पिवळं. कॅमेरा फार मागे नेलात तर काच पोस्टाच्या तिकिटाएवढी होते, फार पुढे आणलात तर हात कापले जातात, म्हणून गाडी उभी असताना सगळा बेल्ट-हेल्मेट चढवून बसा, स्टिअरिंग पूर्ण फिरवा आणि कोणाला तरी फोनवर प्रिव्ह्यू बघायला लावा, कारण हेल्मेट घातल्यावर डोकं बरंच मोठं होतं आणि मोकळ्या डोक्याने ठरवलेला अँगल नेमका तिथेच फसतो.

लेन्सची रुंदी हा दुसरा घोळ. सगळ्यात वाइड सेटिंगला सगळं मावतं खरं, पण लांबच्या वस्तू लहान होतात, ब्रेकिंगचा १०० मीटरचा बोर्ड मुंगीएवढा दिसतो आणि सरळ रस्ता संपता संपत नाही असं वाटतं. लिनिअर (सरळ रेषा सरळच दाखवणारं) किंवा त्याच्या आसपासचं मधलं सेटिंग ठेवा. वेग जाणवतो तो फ्रेमच्या कडेने सरकणाऱ्या जवळच्या गोष्टींमुळे, म्हणून बाजूच्या खिडकीची एक पट्टी तरी फ्रेममध्ये ठेवा आणि कॅमेरा छताला चिकटवण्याऐवजी खाली आणा.

एवढं जमलं आणि दुसरा जुना कॅमेरा मिळाला तर तो पायांपाशी लावा. मला स्वतःला हा अँगल सगळ्यात आवडतो, कारण पाय खोटं बोलत नाहीत, आपण छातीठोक सांगत असतो की मी त्या वळणाला फुल थ्रॉटल होतो आणि पाय दाखवतो की नव्हतास बाबा. पेडलपासून लांब, पक्क्या क्लॅम्पवर आणि बारीक दिवा लावून. दोन्ही कॅमेरे चालू केले की एक जोरात टाळी वाजवायची, एडिटिंगला दोन्ही फुटेज त्या आवाजावर जुळतात.

प्रश्न: सक्शन कप की रोल केजचा क्लॅम्प? आमच्या ग्रुपमध्ये यावर रोज वाद होतात. एकजण म्हणतो सक्शन कप ५० किलो वजन उचलतो, मग दीडशे ग्रॅमचा कॅमेरा काय चीज आहे.

उत्तर: तुमचा मित्र हिशोबाने बरोबर आहे आणि तरीही चुकतोय. ८ सेंटिमीटर व्यासाच्या कपचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर, हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळपास १ किलो, म्हणजे आतली सगळी हवा काढली तर ५० किलो झाले. पण सगळी हवा कधीच निघत नाही आणि कप जातो तो ओढल्यामुळे नाही, गळतीमुळे जातो. काचेवर बोटाचा ठसा, धुळीचा कण, उन्हात मऊ झालेलं रबर, थरथरीने कडेकडेने आत शिरणारी हवा, असं होत होत तासभर घट्ट बसलेला कप ट्रॅकच्या कडेच्या एका कर्बवर (उंचवट्यावर) फट्‌ करून निघतो. माझा असाच निघाला होता, थेट पायात, आणि ब्रेक पेडलच्या मागे जाता जाता राहिला, तेव्हापासून बंद गाडीत, ड्रायव्हरच्या आसपास, मी सक्शन कप वापरत नाही म्हणजे नाही. वापरायचाच असेल तर काच आणि कप दोन्ही अल्कोहोलने पुसा, पंपवाला घ्या ज्यात हवा शिरली की लाल पट्टी दिसते, आणि प्रत्येक सेशनच्या आधी काढून पुन्हा लावा.

रोल केज असेल तर प्रश्नच मिटला, क्लॅम्प. घेताना पाइपचा व्यास मोजून घ्या. एफआयएच्या (मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत मुख्य रोल बार ४५ किंवा ५० मिलिमीटरचा असतो आणि बाकीचे पाइप ३८ किंवा ४० चे, आणि सायकलच्या हँडलसाठी बनवलेले क्लॅम्प यातल्या कशावरच नीट बसत नाहीत, स्क्रूच्या शेवटच्या दोन आट्यांवर लोंबकळत असतात. अ‍ॅल्युमिनियमचा, दोन स्क्रूवाला, आत कडक रबराची पातळ पट्टी असलेला घ्या. जाड मऊ रबर नको, ते थरथर शोषतं असं वाटतं पण त्यावर कॅमेरा स्प्रिंगवर बसल्यासारखा डुलतो. केजला भोक पाडू नका, वेल्ड करू नका, स्क्रुटिनीला (शर्यतीआधीच्या तपासणीला) तुमची गाडी बाहेर काढतील आणि बरोबरच करतील.

केज नसेल तर पुढच्या दोन सीटच्या हेडरेस्टच्या दांड्यांमध्ये आडवी पट्टी टाकून त्यावर कॅमेरा. गाडी रोजच्या वापरातली असेल तर एअरबॅग कुठनं फुगते ते आधी बघा, डॅशबोर्डवर आणि दरवाजाच्या वरच्या कडेला चिकटवलेला कॅमेरा एअरबॅग फुगली की गोळीसारखा तोंडावर येतो.

डबल साइड टेपवाल्या माउंटला लोक उगाच नावं ठेवतात. ३एमचा व्हीएचबी टेप चांगला असतो, फक्त धीर धरावा लागतो. चिकटवल्यावर २० मिनिटांत साधारण निम्मी ताकद येते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण यायला ७२ तास लागतात. आपण काय करतो, तर शर्यतीच्या सकाळी धुळीच्या प्लास्टिकवर दाबतो आणि मग टेपला शिव्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तार. १५० ग्रॅमचा कॅमेरा ताशी ७२ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत असेल आणि गाडी भिंतीला थांबली तर सुटलेला कॅमेरा तसाच पुढे जातो, त्यातली ऊर्जा ३० ज्यूल, म्हणजे ३ किलोचं वजन १ मीटरवरनं पडावं तेवढी. वेग दुप्पट केला की ती चौपट. म्हणून स्टीलची बारीक तार हवी आणि ती माउंटला नाही, केजला किंवा सीटच्या फ्रेमला वेगळी बांधायची, माउंटच तुटला तर माउंटला बांधलेली तार काय कामाची. लांबी इतकीच, की सुटलेला कॅमेरा तुमच्या डोक्यापर्यंत किंवा पेडलपर्यंत पोचू नये.

आणि हात लांब करणारे ते जोडजोड सांधे, एकाला एक लावत गेलात की नाकापेक्षा मोती जड होतो. एक सांधा, फार तर दोन.

प्रश्न: माझं फुटेज जेलीसारखं थरथरतं, इंजिन जोरात असताना तर डॅशबोर्ड पाण्यात असल्यासारखा दिसतो. स्टॅबिलायझेशन सगळ्यात वरच्या लेव्हलला ठेवलंय तरीही. उलट आता अख्खी गाडी डुलल्यासारखी वाटते.

उत्तर: हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्यासाठी विष आहे.

जेली आधी. कॅमेऱ्याचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात घेत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचत जातो. इंजिन ६००० आरपीएमला म्हणजे सेकंदाला १०० फेरे, त्या चालीने कॅमेरा थरथरला तर वरची ओळ वाचताना तो एका जागी असतो आणि मधली वाचताना दुसऱ्या जागी, म्हणून सरळ वस्तूंना लाटा येतात. हे नंतर सॉफ्टवेअरने नीट जात नाही. थरथर मुळातच मारावी लागते, म्हणजे सांधे कमी, क्लॅम्प घट्ट, माउंट केजच्या दोन पाइप जिथे मिळतात तिथे जवळ. लांब पाइपच्या मध्यावर लावलात तर पाइप तारेसारखा वाजतो. गाडी उभी करून इंजिन हळूहळू वाढवत नेत कॅमेऱ्यावर बोट ठेवा, कुठल्या आरपीएमला झिणझिण्या येतात ते कळतं, माउंट चार बोटं इकडेतिकडे सरकवला तरी कधीकधी जादूसारखा फरक पडतो.

आता डुलणं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन जायरो (वळणं मोजणारा सेन्सर) बघून चालतं, आपण जगाच्या मानाने किती वळलो ते मोजतं आणि चित्र उलट्या बाजूला सरकवतं. हातात कॅमेरा घेऊन पळताना हे बरोबर आहे. पण गाडीला बांधलेला कॅमेरा गाडीबरोबर वळतो, जायरोला वाटतं हात हलला, तो बाहेरचं जग स्थिर धरायला जातो आणि त्या नादात डॅशबोर्ड, स्टिअरिंग, केज, जे खरं तर कॅमेऱ्याच्या मानाने जागचं हललेलं नाहीये, ते सगळं फ्रेममध्ये पोहायला लागतं. म्हणून गाडीच्या आतल्या शूटिंगला स्टॅबिलायझेशन बंद, होरायझन लॉक (क्षितिज कायम आडवं ठेवणारी सोय) तर मुळीच नको. वळणात गाडी कलते ते दिसू दे ना, तीच तर माहिती आहे. बंद केल्यावर तुमचा माउंट किती वाईट आहे ते पहिल्यांदा दिसेल, घाबरू नका.

प्रश्न: आतलं नीट दिसतं पण काचेबाहेर सगळं पांढरंफटक. आणि काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब.

उत्तर: कॅमेरा अंधाऱ्या केबिनकडे बघून एक्स्पोजर ठरवतो. स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या एकाच जागेचा उजेड मोजणं) काचेवर लावा किंवा एक्स्पोजर उजेडात ठरवून लॉक करा, नाहीतर निदान अर्धा ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). केबिन काळपट आली तरी चालते, ती नंतर थोडी उजळवता येते, पण पांढरा जळालेला रस्ता परत येत नाही. रस्ता आधी झाडांच्या सावलीत मग उन्हात असा असेल तर ऑटोवरच ठेवा, आयएसओची (सेन्सरच्या संवेदनशीलतेची) वरची मर्यादा तेवढी बांधा.

शटरबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही खरी. भर उन्हात कॅमेरा आपोआप १/१६०० वगैरे शटर घेतो, प्रत्येक फ्रेम चाकूने कापल्यासारखी येते आणि वेग मरतो. ५० फ्रेम्सला १/१०० शटर हवं असेल तर एनडी१६ फिल्टर लागतो, म्हणजे ४ स्टॉप उजेड कमी, मग कडेचं गवत पुसट होतं, डोळ्याला बरं वाटतं, बारीक जेलीही थोडी झाकली जाते. पण फुटेज थांबवून थांबवून चाक कर्बला लागलं का हे बघायचं असेल तर तेच पुसटपण आडवं येतं. मी सरावाला फिल्टर काढतो, शर्यतीला लावतो.

प्रतिबिंबासाठी आधी डॅशबोर्डवर काळं, न चमकणारं कापड पक्कं चिकटवा, नव्वद टक्के काम तिथेच होतं. पोलरायझर फिल्टरने उरलेलं जातं, पण तो फिरवून बसवावा लागतो आणि बाजूच्या कडक केलेल्या काचांमध्ये त्याने ठिपक्यांची नक्षी उमटते, ती काच खराब झालीय असं समजू नका.

प्रश्न: आवाज म्हणजे नुसता वाऱ्याचा घोंगाट.

उत्तर: कॅमेऱ्याचा माइक विसरा. छोटा कॉलर माइक घ्या, त्यावर केसाळ टोपी चढवा आणि सीटच्या मागे किंवा डिकीत, जिथे वारा नाही पण एक्झॉस्ट ऐकू येतो तिथे टेपने लावा. लेव्हल हाताने ठेवा, पूर्ण थ्रॉटलला आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढी. ऑटोवर ठेवलात तर गिअर बदलताना आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. वायर मात्र पेडल, गिअर आणि बेल्ट यांच्यापासून लांबनं, दर वीतभर अंतरावर बांधून.

प्रश्न: उन्हाळ्यात कॅमेरा वीस मिनिटांत बंद पडतो, हात लावला तर चटका. कार्डही एकदा शर्यतीच्या मध्यावर भरलं.

उत्तर: अ‍ॅक्शन कॅमेरे वाऱ्यात गार राहतील या हिशोबाने बनवलेले असतात, बंद गाडीत काचेमागे त्यांना वारा कुठला. ४के ६० वरनं खाली या, वायफाय आणि मागची स्क्रीन बंद, आणि कॅमेरा बॅटरी काढून चालत असेल तर बॅटरी काढा आणि पॉवर बँकेवर चालवा, उष्णतेचा काही वाटा बॅटरीचाही असतो. गाडीच्या सॉकेटवर भरवसा ठेवू नका, स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं आणि काही कॅमेरे तिथेच फाइल सोडून झोपतात. रांगेत उभे असताना कॅमेऱ्यावर पांढरा रुमाल टाकून ठेवा, निघताना काढायचं विसरू नका (विसरलोय).

कार्डाचं गणित सोपं आहे, १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड पुरता दीड तासही नाही. व्ही३० लिहिलेलं कार्ड घ्या, ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सतत लिहितं, कॅमेऱ्याला पुरून उरतं. आदल्या रात्री फुटेज उतरवून कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको.

प्रश्न: काका, मी कार्टिंग करते, वय १५. हेल्मेटवर कॅमेरा लावला तर डोकं जिकडे तिकडे कॅमेरा, किती भारी! बाबा नाही म्हणतात. तुम्ही सांगा ना त्यांना.

उत्तर: बाबा बरोबर आहेत बाळा, मी त्यांच्याच बाजूने आहे. हेल्मेट जसं बनवलं तसंच टेस्ट होऊन पास झालेलं असतं, एफआयएच्या नियमात निर्मात्याने मंजूर केल्याशिवाय त्यात बदल करायला परवानगी नाही, भोक नाही आणि चिकटवणंही नाही. गुळगुळीत हेल्मेट आपटलं की घसरतं, त्यावर उंचवटा असला की अडकतं आणि मान पिरगळते. फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरनं दिसणारं जे चित्र येतं, तो कॅमेरा जेमतेम ८ मिलिमीटरचा असतो आणि हेल्मेटच्या आत बनवतानाच बसवलेला असतो, आपण बाहेरनं ठोकळा लावणं वेगळं. कार्टला सस्पेन्शन नसतं त्यामुळे थरथर सगळ्यात जास्त, पुढच्या फेअरिंगवर (प्लास्टिकच्या आवरणावर) लावशील तर प्लास्टिक फडफडतं. आयोजकांनी हो म्हटलं तर स्टिअरिंगच्या पुढे चासीच्या पाइपला छोटा क्लॅम्प, लेन्स तुझ्याकडे वळवून, आणि तार. तुझे हात आणि नजर दोन्ही येतील. वळणात तू एपेक्सकडे (वळणाच्या आतल्या टोकाकडे) बघतेस की पुढच्या कार्टच्या बंपरकडे, ते बघ एकदा.

प्रश्न: गाडीतला कॅमेरा ही कल्पना किती जुनी आहे?

उत्तर: थेट प्रक्षेपणात १९७९ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या फेब्रुवारीत डेटोना ५०० ला बेनी पार्सन्सच्या गाडीत कॅमेरा होता, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात बाथर्स्टला सेव्हन नेटवर्कने पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकात रेसकॅम बसवला. फॉर्म्युला वनमध्ये १९८५ च्या जर्मन ग्रांप्रीला न्यूरबर्गरिंगवर रेनोने तिसरी गाडी खास कॅमेरा घेऊन उतरवली, फ्रांस्वा एनो चालवत होता, आणि काही लॅपमध्येच क्लच गेला. तेव्हा फुटेज फुकट गेलं म्हणून फार वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न: व्हिडिओवर वेग आणि लॅप टाइम दाखवायचा आहे. कॅमेऱ्यातलं जीपीएस पुरेल?

उत्तर: सेकंदाला किती वेळा मोजतं त्यावर आहे. ताशी १४४ म्हणजे सेकंदाला ४० मीटर, फोनसारखं १ हर्ट्झ (सेकंदाला एकदा मोजणारं) जीपीएस असेल तर दोन ठिपक्यांमध्ये ४० मीटर, अख्खं वळण मध्येच गायब. १० हर्ट्झला तेच अंतर ४ मीटर. गोप्रोने हीरो १२ मध्ये जीपीएस काढूनच टाकलं होतं आणि १३ मध्ये परत आणलं, तेव्हा जुना मॉडेल घेताना बघून घ्या. मी म्हणेन १० हर्ट्झचा वेगळा ब्लूटूथ जीपीएस घेऊन काचेखाली आकाश दिसेल असा ठेवा, रेसक्रोनोसारख्या अ‍ॅपला जोडा आणि व्हिडिओशी नंतर जुळवा. जुळवताना एक खूण लागते, गाडी जागेवरनं हलते तो क्षण सगळ्यात सोपा. आणि स्क्रीनवर सतरा डायल टाकू नका, वेग आणि लॅप टाइम पुरे, जी-फोर्सचा तो गोल गोल फिरणारा ठिपका आपल्याशिवाय कोणी बघत नाही.

प्रश्न: शेवटच्या शर्यतीत माझ्या पुढची गाडी उलटली, ड्रायव्हर सुखरूप आहे. माझ्याकडे सगळं स्पष्ट फुटेज आहे. मित्र म्हणतात टाक, खूप बघतील लोक.

उत्तर: आधी कार्डाची कॉपी करा आणि मूळ कार्ड तसंच बाजूला ठेवा, न कापता. आयोजकांच्या नियमपत्रिकेत फुटेजबद्दल काय लिहिलंय ते वाचा, बऱ्याच ठिकाणी गाडीतलं शूटिंग त्यांच्या परवानगीवरच असतं आणि स्ट्यूअर्डनी (शर्यतीच्या पंचांनी) मागितलं तर द्यावं लागतं. मग त्या ड्रायव्हरला फोन करा. त्याला ते बघायचं असेल, कारण त्याच्या कॅमेऱ्यात बहुतेक फक्त आकाश आणि माती आली असणार. तो टाक म्हणाला तर टाका, नको म्हणाला तर राहू द्या.